उजव्या हाताचे आकडे: कीपंचपासून टर्मिनलपर्यंत

१९७१ मध्ये आयबीएमची ३२७० ही टर्मिनल प्रणाली (मोठ्या संगणकाला जोडलेले पडदे आणि कीबोर्ड) बाजारात आली, तेव्हा तिच्या ३२७७ या पडद्यासोबत कुठला कीबोर्ड हवा ते गिऱ्हाइकाला ठरवावं लागे. एक नेहमीच्या टाइपरायटरसारखा होता. दुसरा ‘डेटा एन्ट्री’चा. त्यात आकडे उजव्या हाताखालच्या अक्षरांच्याच बटणांवर बसवलेले असत. आज तो विचित्र वाटेल, पण ज्यांच्यासाठी तो केला होता त्यांना दुसरं काही सुचलंही नसतं.

ही मंडळी, बहुतेक बायकाच, वर्षानुवर्षं कीपंचवर, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रं पाडून माहिती नोंदवणाऱ्या यंत्रावर, बसलेली होती. आयबीएमच्या ०२६ (१९४९) आणि ०२९ (१९६४) या यंत्रांवर आकड्यांची वेगळी रांग नव्हती. यू, आय, ओ या बटणांवर १, २, ३. जे, के, एल वर ४, ५, ६. खाली एम, स्वल्पविराम आणि पूर्णविरामावर ७, ८, ९. उजवा हात जागेवरून न हलवता आकडे ठोकायचे आणि डाव्या हाताने पावत्या उलटायच्या. नजर कागदावर, बटणांवर नाही.

खरी गंमत बटणांपेक्षा ड्रममध्ये होती. यंत्रात एका छोट्या ड्रमवर ‘प्रोग्राम कार्ड’ गुंडाळलेलं असे. कार्डाच्या ८० कॉलमांपैकी कुठे अक्षरं, कुठे आकडे, कुठला भाग वगळायचा, कुठला आधीच्या कार्डावरून तसाच उतरवायचा, हे त्यावरच्या छिद्रांनी ठरे. ड्रम चालू असताना कीबोर्ड मुळात आकड्यांवरच असे. अक्षरं हवी असलेल्या कॉलमासाठी प्रोग्राम कार्डावर मुद्दाम छिद्र पाडावं लागे. कामाचा कल कुठे होता ते यावरूनच कळतं.

मग तपासणी. तेच कागद दुसरी ऑपरेटर ०५९ व्हेरिफायरवर पुन्हा ठोकायची. आकडे जुळले तर कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडे. नाही जुळले तर चुकलेल्या कॉलमाच्या बरोबर वर, कार्डाच्या वरच्या कडेला.

३२७० मध्ये ड्रम गेला, पण त्याचं डोकं राहिलं. पडद्यावरच्या प्रत्येक रकान्याला गुणधर्म देता येई. ‘फक्त आकडे’ असा रकाना आला की डेटा एन्ट्री कीबोर्ड आपोआप आकड्यांवर जाई. ‘न्यूमेरिक लॉक’ची सोय घेतलेली असेल आणि कुणी तिथे अक्षर दाबलं, तर कीबोर्ड अडे, ‘रीसेट’ दाबल्याशिवाय सुटका नाही.

हिशेबनिसांचं घराणं मात्र वेगळं. डेव्हिड सुंडस्ट्रँडने १९१४ मध्ये अमेरिकेतल्या रॉकफर्ड इथे बेरजेचं यंत्र केलं, त्यात ७, ८, ९ सर्वांत वरच्या ओळीत होते. कॅल्क्युलेटरने तेच उचललं. टेलिफोनसाठी बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेने बऱ्याच मांडण्या लोकांच्या हातात देऊन पाहिल्या आणि १९६३ च्या बटणांच्या फोनवर १, २, ३ वरच्या ओळीत ठेवले. १९६८ मध्ये कॉनरॅड आणि हल या ब्रिटिश संशोधकांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा नवख्यांना फोनची मांडणी थोडी सरस ठरली. पण दिवसभर आकडे ठोकणारा माणूस नवखा थोडाच असतो? माझ्या मते या निष्कर्षाचा बाजारावर परिणाम न होण्याचं कारण हेच.

डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हीटी ५२ या टर्मिनलवर (१९७५) उजवीकडे स्वतंत्र आकड्यांचा पट्टा होता, ७, ८, ९ वरच्या ओळीत असलेला. तीन वर्षांनी आलेल्या व्हीटी १०० वरही तो राहिला. त्याला ‘पर्यायी’ अवस्थेत टाकलं की बटणं आकड्यांऐवजी वेगळे संकेत पाठवत, आणि प्रोग्रामर त्यांना मजकूर संपादनाचे हुकूम जोडत. आकड्यांसाठी केलेली जागा आकडे न लिहिणाऱ्यांनीच बळकावली म्हणायची! १९८१ च्या आयबीएम पीसीवर तोच पट्टा कर्सरच्या बाणांशी वाटून घ्यावा लागला आणि आकडे की बाण ते ठरवणारं ‘नम लॉक’ हे बटण घरोघरी पोचलं.