रातभर येरझारा, दिवसभर निज

यवतमाळ-वाशीमकडच्या एखाद्या खेड्यातून तरण्या पोराला दाखवायला आणलेले आईबाप डॉक्टरांना काय सांगतात? एकटाच बोलतो, शेजाऱ्यानं करणी केली म्हणतो, आंघोळ करत नाही. झोपेचा विषय निघतो तो शेवटी, आणि तोही तक्रारीच्या सुरात: “रातभर आंगणात येरझारा मारते साहेब, अन् दिवसभर पडून राह्यते. काम म्हटलं का अंगावर येते.” घरच्यांच्या लेखी हा आळस असतो. नाहीतर मग ‘बाहेरचं’ काहीतरी.

अशा लक्षणांमागे अनेकदा स्किझोफ्रेनिया हा मनोविकार असतो. त्यात झोप बिघडते हे एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. पण त्याची कारणं बराच काळ वरवरचीच दिली गेली. भास झोपू देत नाहीत, गोळ्यांची गुंगी असते, शिवाय कामधंदा नाही, मग उठायची घाई कशाला? हे तिसरं कारण आपल्या पारावरही ऐकायला मिळतं.

ऑक्सफर्डमधल्या कॅथरिना वुल्फ, रसेल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी नेमकं तेच तपासलं. स्किझोफ्रेनियाचे २० रुग्ण घेतले आणि तुलनेला २१ निरोगी माणसं घेतली, तीही बेरोजगार. मनगटावरच्या यंत्रानं सहा आठवडे सगळ्यांची हालचाल टिपली, लघवीतून मेलाटोनिन हे झोपेच्या वेळेशी जोडलेलं संप्रेरक मोजलं. २०१२ साली निष्कर्ष आले: झोपेचा बिघाड २० च्या २० रुग्णांत होता. त्यातल्या निम्म्यांचं तर शरीराचं घड्याळच सरकलेलं होतं. कुणाची रात्र फार उशिरा सुरू होई, कुणाची रोज थोडी थोडी पुढे जाई. नोकरी नसलेल्या निरोगी माणसांत असं काही दिसलं नाही. रिकामपणाचं कारण तिथेच निकालात निघालं.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर. यकृत, आतडी, स्नायू यांच्या पेशींनाही स्वतःची लय असते. पण खंजिरी भजनात सगळे एका ठेक्यावर येतात तसे हे अवयव या मुख्य घड्याळावर येतात. माणसात त्याचा फेरा २४ तासांहून साधारण दहा-बारा मिनिटं जास्तच असतो. रोज सकाळचा उजेड डोळ्यांतल्या खास पेशींवर पडतो आणि ते मागे ओढून जागेवर आणतो. संध्याकाळी अंधारलं की मेलाटोनिन वाढतं.

आता आजारी पोराची खोली डोळ्यांसमोर आणा. लोक काय म्हणतील म्हणून दार लोटलेलं, वर टिनाचं छप्पर, एकच झरोका. अंगणात भर उन्हात लाखभर लक्स (हे उजेडाचं माप) उजेड असतो. आत तो शंभरावरही जाईल की नाही शंका. रात्री मात्र तोंडाशी मोबाइल. आधीच ढासळलेल्या घड्याळाला सकाळ कळायची कशी?

पण दोष सगळा खोलीचाही नाही. मेंदूपेशींना एकमेकींकडे निरोप धाडायला स्नॅप-२५ नावाचं प्रथिन लागतं. त्याच्या जनुकाचा स्किझोफ्रेनियाशी संबंध आढळला आहे, आणि त्यात बदल झालेल्या उंदरांची झोप-जागेची लयही विस्कटते. म्हणजे आजार आणि झोप या दोहोंची मुळं काही ठिकाणी एकच असावीत. उलट बाजूनंही हे चालतं: सलग जागरणं झाली तर धडधाकट माणसालाही भास होऊ लागतात.

इथे विदर्भात एक प्रश्न निघणारच. शेतीची थ्री-फेज लाइन पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. थंडीत हरभऱ्या-गव्हाच्या ओलितासाठी मध्यरात्री मोटार चालू करायला जावं लागतं. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यांच्यामुळे जागलही असते. यानं स्किझोफ्रेनिया होतो असं नाही; तसं असतं तर अर्धं गाव आजारी असतं. पण ज्याला हा आजार होऊन गेला आहे, त्याला रात्रीच्या ओलितावर धाडू नये, असं मला ठामपणे वाटतं. ‘कामात राहिला की डोकं ताळ्यावर येईल’ हे खरंही आहे; फक्त ते काम दिवसाचं, उजेडातलं हवं.

झोप सुधारली तर मनाला फरक पडतो का? मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन यांच्या गटानं ब्रिटनच्या २६ विद्यापीठांतल्या, झोपेचा त्रास असलेल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर हे पाहिलं. ज्यांना निद्रानाशावर संगणकावरून मानसोपचार मिळाले त्यांची झोप सुधारली, आणि त्याबरोबर संशय व भासही काहीसे कमी झाले. हा अभ्यास २०१७ चा. ही मुलं स्किझोफ्रेनियाची रुग्ण नव्हती आणि फरकही लहानच होता, पण झोप हे नुसतं लक्षण नसून एक कारणही आहे याला त्यातून बळ मिळालं.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना झोपेची वही न्यावी. किती वाजता निजला, कधी उठला, दुपारी किती झोपला, गोळी कधी घेतली, एवढं दोन आठवडे लिहिलं तरी पुरे. आशाताई लिहायला मदत करू शकतात. सकाळी गुंगी राहत असेल तर डॉक्टर गोळीची वेळ बदलू शकतात, गोळी परस्पर बंद मात्र करू नये. बरा चाललेला माणूस अचानक दोन-तीन रात्री जागा राहू लागला, तर ती आजार उलटण्याची सुरुवात असू शकते. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तो रात्रीही उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं.