मूत्र-प्रतिप्रवाह : बालकांमधील उपचार

मूत्राशयातील लघवी मूत्रवाहिनीत (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीत), कधी पार मूत्रपिंडापर्यंत, उलटी चढणे म्हणजे मूत्र-प्रतिप्रवाह. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी शिरते आणि मूत्राशय भरला की तेथे दाबली जाऊन मिटते. काही मुलांत भिंतीतला हा भाग जन्मतः आखूड असतो, म्हणून ती नीट मिटत नाही. दोषाच्या १ ते ५ श्रेणी एमसीयूजी या क्ष-किरण तपासणीत ठरतात. मूत्रमार्गातील जन्मजात पडदे किंवा मज्जारज्जूचा विकार यांमुळे प्रतिप्रवाह होत असेल, तर आधी त्या मूळ कारणावर उपचार करावे लागतात.

उपचार करायचे ते मूत्रपिंड वाचवण्यासाठी; प्रतिप्रवाह बंद करणे हा त्याचा एक मार्ग, तोही सगळ्यांना लागत नाही. निर्जंतुक लघवी उलटी गेल्याने सहसा इजा होत नाही. मूत्रपिंडावर व्रण पडतात ते मुख्यतः ताप आणणाऱ्या जंतुसंसर्गामुळे. शिवाय मूल वाढते तसा मूत्रवाहिनीचा तो आखूड भागही लांबतो आणि १-२ श्रेणीचा दोष बहुतेक मुलांत काही वर्षांत आपोआप जातो. पाचव्या श्रेणीत ही आशा फार कमी.

तोवर संसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविकाचा अल्प डोस रोज देण्याची जुनी पद्धत आहे. अमेरिकेत ६०७ मुलांवर झालेल्या ‘रिव्हर’ चाचणीत (२०१४) अशा औषधाने पुन्हा होणारे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. नव्या व्रणांच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही, आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढले. त्यामुळे आता सौम्य श्रेणीत, विशेषतः संसर्ग झालेलाच नसेल तर, औषधाविना नुसते लक्ष ठेवणेही रास्त मानतात.

बद्धकोष्ठ आणि लघवी दाबून धरण्याची सवय यांकडे घरी सर्वाधिक दुर्लक्ष होते. भरलेले मलाशय मूत्राशयावर दाब आणते, लघवी पूर्ण होत नाही, संसर्ग परततो. पोट साफ राहणे आणि ठरावीक वेळाने लघवीला बसवणे हा खराखुरा उपचार आहे. तो टाळून केलेल्या शस्त्रक्रियेचे यशही घटू शकते.

औषध चालू असूनही तापाचे संसर्ग होत राहिले, नवे व्रण दिसले किंवा वरच्या श्रेणीचा दोष टिकून राहिला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. दुर्बिणीतून मूत्रवाहिनीच्या मुखाखाली जेलसारखा पदार्थ टोचता येतो. हे काम थोडक्यात आटोपते, पण कधी पुन्हा करावे लागते. मूत्रवाहिनी मूत्राशयात नव्याने रोवण्याची शस्त्रक्रिया मोठी असली तरी सुमारे ९५ टक्के किंवा त्याहून अधिक वेळा यशस्वी होते. ती पोट उघडून, लॅपरोस्कोपने किंवा रोबोच्या साहाय्याने करतात. पडून गेलेले व्रण मात्र कुठल्याच शस्त्रक्रियेने भरून येत नाहीत. अशा मुलांचा रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने वर्षानुवर्षे तपासावी लागतात.