सोलरचं अनुदान आणि नेट मीटरिंग: एक पैसा बँकेत येतो, दुसरा बिलात मुरतो

मावशीच्या खात्यात 78,000 रुपये जमा झाले आणि तिचा लगेच फोन आला. "अगं, आपण लाईनवर वीज सोडली ना, तिचे पैसे आले. आता पुढचे कधी येतील?" कराडजवळच्या तिच्या घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसून तेव्हा दीड महिना झाला होता. ते पैसे विजेचे नव्हते आणि पुन्हा येणारही नव्हते, हे तिला सांगताना मला वाईट वाटलं. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे जी वीज आपण पाठवतो, ती फुकटच जाते?"

तीही फुकट जात नाही. पण तिचे पैसे बँकेत येत नाहीत, बिलात मुरतात. हा फरक मावशीला कोणीच सांगितला नव्हता. सोलर बसवणाऱ्या एजन्सीचा माणूस "सबसिडी मिळेल, बिल शून्य होईल" असं एका दमात बोलून गेला होता आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोन्हींची एकच गोष्ट झाली. त्यानंतर मी नात्यातल्या आणि गल्लीतल्या बऱ्याच जणांची बिलं घेऊन बसले. जवळजवळ प्रत्येक घरात हाच गोंधळ आहे, आणि त्यापायी लोक चुकीच्या आकाराचं सोलर बसवतात.

अनुदान म्हणजे सोलर बसवण्याच्या खर्चात केंद्र सरकारने एकदाच घातलेला हातभार. सध्याची योजना 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' या नावाने फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. एक कोटी घरं आणि 75,021 कोटी रुपये असा तिचा आवाका आहे आणि मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॅटला 18,000, आणि तिथे गाडी थांबते. तुम्ही तीन किलोवॅट बसवा की आठ, 78,000 च्या वर एक रुपया मिळत नाही. या आकड्यांमागे साधा हिशेब आहे. सरकारने पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 50,000 रुपये खर्च धरला आणि त्याचे 60 टक्के देऊ केले. तिसऱ्यासाठी 45,000 धरून 40 टक्के दिले. बाजारातलं कोटेशन याहून जास्त असलं तरी अनुदान वाढत नाही.

नेट मीटरिंगचा अनुदानाशी काही संबंध नाही. तो विजेच्या हिशेबाचा नियम आहे आणि तो महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवलेला आहे. आधी 2015 चे विनियम होते, नंतर 2019 चे आले. ग्राहक महावितरणचा असो की मुंबईतल्या एखाद्या कंपनीचा, नियम तोच. तुमचा जुना मीटर काढून दोन्ही दिशांना मोजणारा मीटर बसतो. दुपारी घरात वापर कमी असतो तेव्हा जास्तीची वीज लाईनवर जाते, ती निर्यात. रात्री लाईनवरून घेता, ती आयात. महिन्याअखेरीला आयातीतून निर्यात वजा होते आणि उरलेल्या युनिटांचंच बिल येतं. निर्यात जास्त झाली तर वरची युनिटं पुढच्या महिन्यात जमा राहतात. पैसे नव्हे, युनिटं.

योजनेच्या नावातला 'मुफ्त' हा शब्द या गोंधळात भर घालतो. महिन्याला 300 युनिट सरकार देणार, असा बऱ्याच जणांचा समज आहे. खरं तर तीन किलोवॅटचं सोलर आपल्याकडे महिन्याला सरासरी 300 च्या आसपास किंवा थोडी जास्त युनिटं तयार करतं, म्हणून तो आकडा. ती वीज तुमचीच पॅनल बनवतात आणि तिचं मोल तुम्हाला नेट मीटरिंगमधून मिळतं. अनुदानाने फक्त पॅनल स्वस्त पडतात.

आता पैसे हातात कधी पडतात ते पाहू, कारण घरं अडकतात ती इथेच. कोटेशनवर बरेचदा मोठ्या अक्षरात अनुदान वजा केलेली रक्कम छापलेली असते. समजा किंमत 1,90,000 आहे, तर कागदावर 1,12,000 दिसतात. पण एजन्सीला द्यायचे असतात पूर्ण 1,90,000. सोलर बसतं, महावितरणची तपासणी होते, नेट मीटर लागतो, योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर सगळं चढतं आणि त्यानंतर अनुदान तुमच्या खात्यात येतं. मधल्या काळातले 78,000 तुम्हालाच उभे करावे लागतात. आमच्या गल्लीतल्या एका घराने त्यासाठी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडली, कारण ही गोष्ट त्यांना काम सुरू झाल्यावर कळली. बँका या योजनेत तीन किलोवॅटपर्यंत तारण न घेता कमी व्याजाने कर्ज देतात. ठेव मोडण्याआधी ती चौकशी जरूर करा.

अनुदानाच्या अटीही वेगळ्या आहेत. राहत्या घराचं वीजजोड हवं, पोर्टलवर नोंदलेलीच एजन्सी हवी, आणि पॅनल डीसीआर हवीत, म्हणजे त्यांच्यातले सेलसुद्धा भारतात बनलेले असावे लागतात. "भारतात जोडलेलं पॅनल आहे" एवढ्याने भागत नाही. स्वस्तात मिळतात म्हणून कोणी साधी पॅनल बसवली तर नेट मीटर लागेल, बिलही कमी होईल, पण अनुदान मिळणार नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत याचा याहून स्वच्छ पुरावा नाही.

वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर अर्ज करण्याआधीच नाव बदलून घ्या. नंतर खात्यावरचं नाव आणि बिलावरचं नाव जुळत नाही म्हणून रक्कम लटकते. मंजूर भाराची, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या जोडणीला मंजूर केलेल्या किलोवॅटची, अडचण मात्र आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. 2024 मध्ये केंद्राने नियम बदलले. 10 किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, आणि गरज असेल तर भार वाढवून देणं हे वीज कंपनीचं काम आहे.

मग किती किलोवॅट बसवायचं?

"78,000 मिळतात ना, मग तीनच बसवू" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधी बिलच मागते. अनुदान पाहून आकार ठरवू नये, बिल पाहून ठरवावा. का ते एका उदाहरणात सांगते.

घरगुती विजेचे दर टप्प्यांनी चढतात: 100 युनिटांपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, 500 च्या वर चौथा. महावितरणच्या अलीकडच्या दरपत्रकांत पहिल्या टप्प्याचा वीज आकार दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. सोलरची वीज बिलातून वजा होते ती वरच्या, महाग टप्प्यापासून. एखाद्या घराचा महिन्याचा वापर 320 युनिट आहे आणि एका किलोवॅटमागे महिन्याला 110 युनिट मिळतात असं धरा. पहिल्या किलोवॅटने बिल 210 युनिटांवर येतं. म्हणजे तिसऱ्या टप्प्यातली 20 आणि दुसऱ्या टप्प्यातली 90 युनिटं वाचली. दुसऱ्या किलोवॅटने बिल 100 वर येतं, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातली 110 वाचली. तिसरा किलोवॅट काय वाचवतो? उरलेली 100, तीही सगळ्यात स्वस्त टप्प्यातली, आणि 10 युनिटं जमा.

म्हणजे पहिले दोन किलोवॅट भरपूर कमावतात आणि त्यांच्यावर अनुदानही प्रत्येकी 30,000 आहे. तिसरा कमी कमावतो आणि त्याच्यावर अनुदानही कमी. या घराने मला विचारलं तर मी दोन किलोवॅटच सांगेन. दोन-तीन वर्षांत एसी किंवा विजेवरची स्कूटर येणार असेल तर तीन. महिन्याला दीडशे युनिटांच्या आत वापर असणाऱ्याला तर तीन किलोवॅट विकणं हा अन्यायच आहे. 100 युनिटांच्या आत वापर असेल, तर राज्य सरकारची छोट्या ग्राहकांसाठी वेगळी 'स्मार्ट' योजना आहे, आधी तिची चौकशी करावी.

जास्तीचं सोलर वाया का जातं, हे 31 मार्चला कळतं. जमा युनिटं आर्थिक वर्ष संपेपर्यंतच पुढे सरकतात. 31 मार्चला उरलेली युनिटं वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर तुम्ही वाचवलेल्या युनिटाच्या दरापेक्षा बराच कमी असतो. इथे निसर्ग आणि हिशेब यांचं गणित मजेशीर जुळतं. एप्रिल-मेच्या कडक उन्हात जमा केलेली युनिटं जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत कामी येतात, कारण ती एकाच आर्थिक वर्षात पडतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये जमा केलेली युनिटं एप्रिल-मेच्या एसीला वापरता येत नाहीत, मध्ये 31 मार्चची भिंत आहे. म्हणून मागच्या बारा महिन्यांची युनिटं बिलावरून उतरवून काढा आणि त्यांची बेरीज करा. सोलरची वर्षाची निर्मिती त्या बेरजेच्या आत बसायला हवी.

बिल वाचताना

मावशीचं पहिलं बिल आलं तेव्हा ती पुन्हा घाबरली. "इन्व्हर्टरच्या ॲपवर 330 युनिट तयार झाली म्हणून दाखवतंय आणि बिलावर निर्यात फक्त 210. बाकीची कोणी खाल्ली?" कोणीच नाही. उरलेली 120 युनिटं दिवसा घरातच वापरली गेली: पंखे, फ्रिज, पाण्याची मोटर. ती मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. तिची आयात होती 190. म्हणजे घराचा खरा वापर 120 अधिक 190, असा 310 युनिट. 210 मधून 190 गेली, 20 युनिटं जमा राहिली. कागदावर मांडून दाखवल्यावर तिला पटलं.

तरीही बिल शून्य आलं नाही. स्थिर आकार द्यावाच लागतो, युनिटं वापरा किंवा नका वापरू. "बिल शून्य" असं सांगून विकणाऱ्यांनी निदान हे तरी आधी सांगावं. आणखी एक गोष्ट सोलर घेतानाच कळायला हवी: लाईट गेली की असं सोलरही बंद पडतं, भर दुपारी सुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून उलटा शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. बॅकअप हवा असेल तर बॅटरीचा वेगळा खर्च आहे.

आयकराचा प्रश्नही बरेच जण विचारतात. अमेरिकेतल्या भावाला सोलरच्या खर्चाच्या 30 टक्के कर माफ झाला, मग आपल्याला का नाही? तिथली ती सवलत घरांसाठी 2025 च्या अखेरीपर्यंतच होती. आपल्याकडे राहत्या घराच्या सोलरवर आयकरात वजावट नाही. दुकान-कारखान्याला घसारा दाखवता येतो, ते ऐकून घरमालकांचा गैरसमज होतो. वस्तू व सेवा कर मात्र खरंच उतरला आहे: 22 सप्टेंबर 2025 पासून सोलर उपकरणांवर 12 ऐवजी 5 टक्के. जुन्या छापील कोटेशनवर सही करू नका.

सोसायट्यांचं प्रकरण थोडं निराळं. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात, घरामागे तीन किलोवॅट या हिशेबाने 500 किलोवॅटपर्यंत. बचत सोसायटीच्या बिलात दिसते, तुमच्या फ्लॅटच्या नव्हे. सभासदांच्या सभेत ही गोष्ट पहिल्याच मिनिटाला सांगितली तर पुढची दोन तासांची भांडणं वाचतात.

काही अडलं तर दार कोणतं ठोठवायचं, तेही यावरूनच ठरतं. खात्यात अनुदान आलं नाही तर पोर्टलवर तक्रार करायची. तिथे मीटरबद्दल रडून उपयोग नाही. निर्यात बिलात धरली नाही, जमा युनिटं गायब झाली, तर वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्यायचा. तिथे दाद लागली नाही तर वीज ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जायचं. एजन्सीने पाच वर्षं देखभाल करायची, ही योजनेतलीच अट आहे. तो करार हातात घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

मावशीच्या शेजारणीने गेल्या महिन्यात कोटेशन मागवलं तेव्हा मावशीच तिच्याकडे गेली. सोबत स्वतःची बारा बिलं आणि पेन्सिल. शेजारणीचा वर्षाचा वापर जेमतेम 2,700 युनिट निघाला. एजन्सीने तीन किलोवॅट लिहून दिलं होतं, मावशीने ते खोडून दोन केलं.