बास पकडायचाय? मग आधी ब्लूगिल ओळखा

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या स्पोर्ट्स स्टोअरमध्ये फिशिंगच्या सेक्शनला गेलं की समोर ल्युअरची, म्हणजे नकली आमिषांची, भिंतच्या भिंत असते, जत्रेतल्या बांगड्यांच्या दुकानासारखी, आणि नवखा माणूस तिथून हमखास खिसा हलका करूनच बाहेर पडतो. एकाच क्रँकबेटचे (छोट्या माशाच्या आकाराचा ल्युअर) डझनभर रंग, चकाकी घातलेल्या रबरी अळ्या, फिरत्या पात्यांचे स्पिनरबेट, आणि प्रत्येक पाकिटावर आ वासलेला बास, म्हणजे इथल्या गळवाल्यांचा लाडका गोड्या पाण्यातला शिकारी मासा. आता गंमत अशी की यातले बरेचसे फरक माशाला धड दिसतही नाहीत. ल्युअरच्या गळाला आधी गिऱ्हाईक लागतं, मासा नंतर. इकडे समरमध्ये लेकवर रॉड घेऊन बसणारी मराठी मंडळी पण कमी नाहीत, आणि त्यातल्या नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठला ल्युअर घेऊ?" माझं म्हणणं एवढंच की ल्युअरचं नंतर बघू, आधी मासा आणि त्याचं जेवण बघा.

लार्जमाउथ बास आणि ब्लूगिल हे दोघं एकाच कुळातले, सनफिशच्या कुळातले, म्हणजे भाऊबंदच, आणि भाऊबंदकीही तशीच जोरात. बास ब्लूगिल खातो, आणि बासच्या घरट्यावरचा नर जरा इकडेतिकडे झाला की ब्लूगिलची टोळी येऊन त्याची अंडी-पिल्लं साफ करते. जॉर्ज पेरीने 2 जून 1932 ला जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकमध्ये 22 पौंड 4 औंसाचा बास काढला, तो रेकॉर्ड 77 वर्षं कुणाला गाठता आला नाही. 2009 च्या जुलैत जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने काढलेला बास त्याहून जेमतेम औंसभर जड भरला, पण नवा रेकॉर्ड व्हायला निदान दोन औंसांचा फरक लागतो म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली. कुरिताच्या गरीला आमिष काय होतं, तर जिवंत ब्लूगिल! (दोन्ही मासे जपानमध्ये उपरेच. बास 1925 मध्ये नेला गेला, आणि ब्लूगिल 1960 मध्ये शिकागोच्या मेयरने तेव्हाचे युवराज अकिहितो यांना भेट दिले होते. स्थानिक माशांचं त्यामुळे जे नुकसान झालं त्याबद्दल पुढे सम्राट झाल्यावर अकिहितोंनी जाहीर खंत पण व्यक्त केली.)

तर आता डोळे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, बासच्या डोळ्यात दोनच, एक साधारण 535 नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडाला दाद देणारी आणि दुसरी 614 च्या आसपासच्या लालसर उजेडाला. निळ्यासाठी वेगळी पेशीच नाही. इलिनॉयच्या संशोधकांनी बासना रंग ओळखायचं ट्रेनिंग देऊन पाहिलं तर लाल आणि हिरवा ते झकास ओळखायचे, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यात गोंधळायचे, निळा आणि काळा यातही तेच. म्हणजे शार्ट्रूज (तोच पोपटी-पिवळा) घेऊ की पांढरा या विचारात दुकानात अर्धा तास घालवण्यात फारसा अर्थ नाही. त्यात परत पाणी स्वतः रंग गिळतं. स्वच्छ पाण्यात लाल सगळ्यात आधी जातो, त्यामुळे जरा खोलवर गेलेला लाल ल्युअर नुसता काळपट दिसतो, पण कुजलेल्या पानांनी चहाच्या रंगाचं झालेलं पाणी असेल तर उलटं, तिथे निळा-हिरवा आधी संपतो आणि लालसर उजेड त्यातल्या त्यात जास्त टिकतो. मी स्वतः तीनच गोष्टी जवळ ठेवतो, एक काळा-निळा, एक पांढरा, आणि एक हिरवट-तपकिरी म्हणजे ज्याला इथे ग्रीन पम्पकिन म्हणतात तो. गढूळ पाण्याला काळा, स्वच्छ पाण्याला तपकिरी, आणि बाकी आपली हौस.

डोळ्यांचीच अजून एक गोष्ट, जी काठावर उभं राहणाऱ्यांना कुणी सांगत नाही. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग साधारण 97 अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं, कारण उजेड पाण्यात शिरताना वाकतो. काठावरची झाडं, धक्का, आपण, सगळे त्या खिडकीच्या कडेला चेपलेले दिसतात. खाली बसलात, थोडं मागे सरकलात तर त्या कडेवरूनही जवळजवळ नाहीसे होता. उभे राहिलात आणि वर पांढरा शर्ट घातलाय, तर मग झालंच. पाण्यावर तरंगणाऱ्या टॉपवॉटर ल्युअरच्या रंगाचा फार विचार करू नका हेही त्यामुळेच, खालून आकाशाच्या उजेडासमोर त्याचं पोट म्हणजे फक्त एक काळी आकृती असते, बाकी काम त्याच्या खळबळीचं.

आणि ही खळबळ डोळ्यांशिवाय पण कळते. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी बारीक रेघ दिसते ती पार्श्वरेषा, तिच्यात केसाळ पेशींचे गुच्छ असतात आणि आजूबाजूच्या पाण्याची हालचाल त्यांना जाणवते, पण हे जवळचं काम आहे, फार तर अंगाच्या लांबीच्या एक-दोन पट अंतरापर्यंतचं. तरी रात्री किंवा गढूळ पाण्यात शेवटच्या झडपेला तेवढं पुरतं, म्हणून अशा वेळी मोठ्या पात्याचा स्पिनरबेट हळू ओढायचा, भराभर ओढला तर माशाला त्याचा ठावच लागत नाही.

तंगूस कुठला घ्यावा यावर लोक तावातावाने भांडतात, पण थोडं फिजिक्स बघितलं तर भांडण्यासारखं फार उरत नाही. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लुओरोकार्बनचा 1.42 च्या आसपास, आणि नायलॉनच्या साध्या मोनोचा 1.5 च्या वर. अंक पाण्याच्या जितका जवळ तितका धागा पाण्यात कमी दिसतो, म्हणून स्वच्छ पाण्याला फ्लुओरोकार्बन. पण तो पाण्याच्या पावणेदोन पट जड, बुडतो, आणि टॉपवॉटर ल्युअरचं नाक खाली ओढतो, तिथे मोनोच बरा. ब्रेड म्हणजे पॉलिथिलीनचा विणलेला धागा, तो तरंगतो आणि जवळपास ताणला जात नाही, दाट पाणवनस्पतींमधून मासा ओढून काढायला एक नंबर. ब्लूगिलला यातलं काही नको, दोन ते चार पौंडी मोनो, लवचीक अल्ट्रालाइट रॉड, बस.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, तोंड. हे मासे आमिष चावत नाहीत, ओढून घेतात. तोंडाची पोकळी एकदम फाकवली की आतला दाब एकदम कमी होतो आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत, आणि तोंड उघडून मिटेपर्यंतचा सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकलेला असतो. 2015 मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बासची एक्स-रे व्हिडिओ काढून हिशोब मांडला की एवढी ताकद येते कुठून, तर डोक्यातल्या स्नायूंचा वाटा पाच टक्केसुद्धा नाही, बाकी सगळी ताकद पाठीपोटाच्या, म्हणजे पोहायच्या स्नायूंची. म्हणजे बास अख्ख्या अंगाने घास ओढतो! पण ही ओढ पोचते फार थोड्या अंतरापर्यंत, साधारण तोंडाच्या व्यासाएवढ्याच. बास वेगाने अंगावर येतो आणि मोठं तोंड उघडतो, त्याचं भागतं. ब्लूगिलचं तोंड एवढंसं, त्यामुळे तो आमिषापाशी येतो, एक-दोन इंचांवर थांबतो, कल्ल्यामागचे पर हलवत जागच्या जागी तरंगत न्याहाळतो, आणि मग सुळकन ओढतो, नाही पटलं तर तितक्याच झटक्यात थुंकतो.

आता हे लक्षात घेऊन तुमची गरी बघा. अख्खं जाडजूड गांडूळ लावलं तर ब्लूगिल शेपटाकडचा तुकडा ओढून पसार होतो आणि आपण म्हणतो "चावतायत पण लागत नाहीत". गरी आठ-दहा नंबरची, बारीक तारेची घ्या, वर गांडुळाचा सेंटीमीटरभर तुकडा, गरीचं टोक जेमतेम झाकेल एवढाच. आणि तो लाल-पांढरा मोठा गोल बॉबर, म्हणजे धाग्यावरचा तरंगणारा गोळा, काढून टाका, त्याला बुडवायलाच एवढा जोर लागतो की माशाला ओढ जाणवते आणि तो सोडून देतो. बारीक पेन्सिलसारखा फ्लोट, त्याच्याखाली एवढंसं शिसं, असं की फ्लोटचं फक्त टोक वर राहील. मग नुसता श्वास घेतल्यासारखं ओढलं तरी कळतं. (न्यू हॅम्पशायर, मेन अशा काही राज्यांत छोट्या शिशावर बंदी आहे, लून पक्षी ते गिळून मरतात म्हणून, तिथे टंगस्टन किंवा कथील वापरा.)

बासच्या रबरी अळीला पण हेच लागू. ओहायोतल्या अॅक्रनच्या निक क्रीमने 1949 च्या सुमाराला घरच्या घरी मऊ प्लास्टिकची अळी ओतली आणि सगळा धंदाच बदलला, कारण मऊ वस्तू मासा जरा जास्त वेळ तोंडात ठेवतो. पण तंगूस ताणून धरला असेल तर अळी आत ओढलीच जात नाही, म्हणून अळी खाली पडत असताना धागा किंचित सैल सोडायचा, नजर धाग्यावर ठेवायची, तो बाजूला सरकला की सैलपणा गुंडाळून मग हिसका.

जागा कुठली, हा प्रश्न मात्र ल्युअरपेक्षा शंभर पटीने महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर ब्लूगिलकडे आहे. मिशिगनमध्ये वर्नर आणि हॉल या संशोधकांनी 1974 मध्ये दाखवलं की डाफ्नियासारखे पाण्यातले बारीक जीव कमी असतील तर ब्लूगिल लहानमोठे सगळे खातो, आणि भरपूर असतील तर निवडून फक्त मोठेच. पुढे 1983 मध्ये वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तळ्याचे दोन भाग केले, एका भागात बास सोडले, दुसऱ्यात नाही. जिथे बास होते तिथे छोटे ब्लूगिल पाणवनस्पतींमध्ये दडून राहिले, जरी तिथे खायला कमी होतं आणि त्यांची वाढ खुंटत होती तरीही. बासच्या घशात मावणार नाहीत इतके मोठे ब्लूगिल मात्र बिनधास्त मोकळ्या पाण्यात चरत होते. हे वाचलं की धक्क्याखाली कायम बोटाएवढेच ब्लूगिल का लागतात ते कळतं. मोठे पाहिजेत तर वनस्पतींची कड जिथे संपते आणि तळ खोल व्हायला लागतो त्याच्या बाहेरच्या बाजूला आमिष सोडा. आणि बास? तो त्या कडेलाच, सावलीत, आत लपलेल्यांपैकी कोण बाहेर येतंय याची वाट बघत. उजेड कमी झाला की पारडं त्याच्या बाजूला झुकतं, कारण अंधुक उजेडात ब्लूगिलला बास दिसायच्या आधी बासला ब्लूगिल दिसतो, म्हणून संध्याकाळची वेळ.

पाणी 15 ते 20 डिग्री सेल्सियसच्या दरम्यान आलं की बासचा नर उथळ पाण्यात शेपटीने घरटं करतो, ब्लूगिलचं त्यानंतर, पाणी विशीच्या वर गेल्यावर, आणि त्यांच्या अख्ख्या वसाहती असतात, एकाला एक लागून गोल खळगे, पोलराइज्ड गॉगल घातला तर काठावरून मोजता येतात. या दिवसांत घरट्यावरचा नर जवळ येईल त्यावर तुटून पडतो, भूक म्हणून नाही तर राखण म्हणून, त्यामुळे तो पकडणं फारच सोपं, आणि माझ्या मते तितकंच नको करण्यासारखं. इलिनॉयच्या रिज लेकमध्ये 1975 पासून काही वर्षं संशोधक प्रत्येक पकडलेल्या बासला खूण करून सोडत होते. एक मासा पहिल्या दोन दिवसांत तीनदा लागला, एक तर वर्षभरात 16 वेळा, आणि शेवटी तलाव रिकामा केला तेव्हा जवळपास 200 बास असे निघाले की जे एकदाही लागले नव्हते. मग लगेच लागणाऱ्यांची आणि न लागणाऱ्यांची वेगवेगळी पैदास केली, तेव्हा हा गुण थोडाफार पुढच्या पिढीत उतरतो हे 2009 मध्ये छापून आलं. त्यात मेख अशी की लगेच लागणारे नरच पिल्लांची राखण जास्त जोमाने करतात. चांगले बाप आधी गळाला लागतात, थोडक्यात.

ब्लूगिलमध्ये वेगळीच भानगड. मोठे नर घरटी करतात, तर काही छोटे नर घरटं न करता चोरून अंडी फळवतात, कॅनडातल्या ओपिनिकन लेकमध्ये असे चोरटे नर दोन वर्षांचे असतानाच वयात येतात आणि घरटंवाले सातव्या वर्षाच्या आसपास. लोकांनी सगळे मोठे नर उचलून नेले की उरलेले वाढायची वाट न बघता लवकर वयात येतात, सगळी ताकद तिकडे जाते, आणि मग तलावात नुसते तळहाताएवढे ब्लूगिल उरतात. म्हणून घरी न्यायचे तर मधल्या साइजचे न्या, थोडेच न्या, आणि वसाहतीवरचे सगळ्यात मोठे नर सोडा.

सोडताना हात ओला पाहिजे, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. ब्लूगिलच्या पाठीवर साधारण दहा काटे असतात, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून ते बसवायचे आणि मग पकडायचं. बास खालच्या जबड्याला धरतात ते ठीक, पण मोठा बास नुसता जबड्यावर आडवा करून फोटोला धरू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. 25-30 फुटांखालून ओढून काढलेल्या बासचं वायुकोश फुगलेलं असतं, तो वर आल्यावर उलटा तरंगतो, म्हणून सोडायचेच असतील तर भर उन्हाळ्यात एवढ्या खोलात मुद्दाम जाऊ नये.

खाण्याच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे, ब्लूगिल. खवले काढून, पोट साफ करून, दोन्ही बाजूंना चिरा, हळद-मीठ-तिखट, कोकमाचं आगळ, वर रवा, आणि तव्यावर कडक. काटे असतात, पण बांगडा खाणाऱ्याला त्याचं काय. मोठा बास अन्नसाखळीत वरचा, वर्षानुवर्षं दुसरे मासे खाऊन जगलेला, त्यामुळे त्याच्यात पारा ब्लूगिलपेक्षा जास्त साठतो. कुठल्या तलावातला कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा याची यादी तुमच्या राज्याचं खातं काढतं, लायसन्स घेतानाच ती बघून घ्या, विशेषतः घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर.