पोरं वाढवायची की नावाजलेले आणायचे? हॉकीतल्या एका वादाची पार्श्वभूमी

नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या नावानं होणारी गोल्ड कप हॉकी स्पर्धा पाहणाऱ्याला हा वाद नवा नाही. स्थानिक संघानं बाहेरचे दोन-तीन अनुभवी खेळाडू घेतले की कडेला बसलेले म्हणतात, ‘आपली पोरं काय नुसतं पाणी वाटायला आहेत का?’ पोरं उतरवून पहिल्याच सामन्यात पाच गोल खाल्ले, तर तीच माणसं म्हणतात, ‘एखादा तरी जाणता ठेवायचा होता.’ दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि भारतीय हॉकीचा गेल्या पंचवीसेक वर्षांचा इतिहास त्यांच्यामध्येच हेलकावत आला आहे.

आधी पैशाचं. आपल्या हॉकीत ज्येष्ठ खेळाडू कित्येक दशकं ‘महाग’ नव्हताच. तो रेल्वेत, लष्करात, पोलिसांत नाहीतर एअर इंडिया, इंडियन ऑइलसारख्या कंपनीत नोकरीला असायचा. विशीत खेळाडू म्हणून घेतलेला माणूस तिशी उलटली तरी पगारावरच असे. त्याला संघात ठेवायला वेगळा खर्च नव्हता, त्यामुळे वगळण्याची घाईही नव्हती. बाजारभाव हा प्रकार खऱ्या अर्थानं आला तो संघमालक खेळाडूंना लिलावात विकत घेतात त्या हॉकी इंडिया लीगसोबत, २०१३ मध्ये.

म्हणून त्याआधीचे ‘नवा संघ बांधू’ हे प्रयोग हिशेबापेक्षा रागलोभावर जास्त चालले. १९९८ मध्ये बँकॉकला भारतानं ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं. संघनायक होता आपल्या खडकीचा धनराज पिल्ले. त्यानंतरच्या पाकिस्तान मालिकेतून त्याच्यासह अनेक वरिष्ठ वगळले गेले. कारण दिलं विश्रांतीचं. खेळाडूंनी मानधनाबद्दल तोंड उघडलं होतं, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. ती मालिका आपण हरलो. याला संघबांधणी म्हणणं म्हणजे बांधणीचा अपमान आहे.

खरी संधी आली २००१ मध्ये. होबार्टच्या ज्युनिअर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतानं अर्जेंटिनाला ६-१ असं धुतलं. गगनअजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग ही एकत्र वाढलेली तुकडी होती. पण २००३ मध्ये जुगराजचा मोटार अपघात झाला आणि पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे नियमभंगासाठी गोलजवळ मिळणाऱ्या संधीवर, चेंडू स्टिकनं ओढून गोलात फेकणारा भरवशाचा ड्रॅगफ्लिकर संघाबाहेर गेला. पुढे अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर प्रशिक्षक बदलला. छत्तिशीतल्या धनराजला संघात नेलं खरं, पण मैदानावर वेळ फारसा दिला नाही. त्याचा अनुभव ना खेळात वापरला, ना त्याची जागा एखाद्या पोराला मिळाली. भारत सातवा आला. २००८ मध्ये तर सँटियागोला पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून हरून आपण बीजिंग ऑलिंपिकला पोचलोच नाही, आणि २०१२ मध्ये लंडनला बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिलो.

लीगच्या पहिल्या लिलावात फ्रँचायझींनी, म्हणजे संघमालकांनी, भारताचा सरदार सिंग, नेदरलँड्सचा ट्यून डी नूयर, जर्मनीचा मॉरिट्झ फुर्स्टे यांच्यावर डॉलर ओतले. डी नूयर तेव्हा ३६ वर्षांचा होता! तरी पहिलं विजेतेपद गेलं रांची ऱ्हायनोजकडे. त्यांच्याकडे फुर्स्टे होता, पण त्याच्या पुढ्यात गोल करत होता १८ वर्षांचा मनदीप सिंग. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं उदाहरण हेच. महागडा माणूस घेतला तो मधल्या फळीत, चेंडू पुरवायला, आणि गोलची जागा पोरासाठी मोकळी ठेवली. त्यानंतर मनदीप लगेच भारताकडून खेळू लागला.

२०१६ मध्ये लखनौला भारतानं बेल्जियमला २-१ असं हरवून पुन्हा ज्युनिअर विश्वचषक जिंकला. यावेळी तुकडी विखुरली नाही. हरमनप्रीत, मनदीप, वरुण कुमार, सिमरनजीत, सुमित, नीलकांत शर्मा हे टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यपदकविजेत्या संघात होते. वाटेत चुका झाल्याच. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी सरदारला वगळलं, भारत चौथा आला, लगेच चॅम्पियन्स करंडकासाठी त्याला परत बोलावलं आणि रौप्य मिळालं. त्याच वर्षी तो निवृत्त झाला. गोलरक्षक श्रीजेशला मात्र कुणी हात लावला नाही. टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना शेवटच्या क्षणांतला पेनल्टी कॉर्नर त्यानंच अडवला. ३६ व्या वर्षी, पॅरिसच्या कांस्यानंतर तो थांबला आणि ज्युनिअर संघाचा प्रशिक्षक झाला.

२०१७ नंतर लीग बंद पडली आणि पोरांवर लावलेली फ्रँचायझींची गुंतवणूक पाण्यात गेली. अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीत ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं केलेल्या निवडीतून, घेतलेल्या पोराचे हक्क क्लबकडे काही वर्षं राहतात, म्हणून तिथं ‘तीन वर्षं हरू, पण पोरं तयार करू’ असं म्हणता येतं. इथं लीगच टिकली नाही, तर मालकानं कुणासाठी थांबायचं?

लीग पुन्हा सुरू होताना २०२४ च्या लिलावात नियमानंच थोडा तोल आणला. पुरुष संघाला चार कोटींची मर्यादा, २४ खेळाडू, त्यात किमान चार ज्युनिअर. हरमनप्रीत ७८ लाखांना सूरमा क्लबकडे गेला, म्हणजे एका माणसात जवळजवळ पाचवा हिस्सा संपला आणि उरलेल्या २३ जणांना सरासरी १४ लाख उरले. मराठवाड्याच्या शेजारच्या हैदराबादनं गोन्झालो पेयातला ६८ लाखांना घेतलं. तो पेनल्टी कॉर्नरचा खास माणूस. अशा जागेसाठी जास्त पैसे मोजणं मला पटतं.

चार ज्युनिअर संघात असणं आणि त्यांना खेळायला मिळणं मात्र वेगळं. हॉकीत बदली खेळाडू हवा तितक्या वेळा आत-बाहेर करता येतो, त्यामुळे पोराला आठ-दहा मिनिटं द्यायला प्रशिक्षकाचं फार काही जात नाही. तरी निकालाच्या धाकानं तीही दिली जात नाहीत.

आपल्या भागातल्या मुलाची अडचण त्याहून आधी सुरू होते. छत्रपती संभाजीनगरचं साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्र नाहीतर पुण्याची क्रीडा प्रबोधिनी गाठली, तर टर्फ, म्हणजे कृत्रिम हिरवळीचं मैदान, मिळतं. बाकी बऱ्याच ठिकाणी मातीवर खेळून टर्फवरच्या निवडीला जायचं. एकोणीस-वीसनंतर लष्कर किंवा रेल्वेची भरती साधली नाही, तर सामनेच उरत नाहीत, आणि लिलावातली दोन लाखांची किमान बोलीही त्याच्या नावापर्यंत येत नाही.