दारावरची तपासणी आणि दारावरची विचारपूस

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, दाराशी दोन कामं चालतात आणि लांबून ती एकच वाटतात. पिशवी उघडायला लावणं, ओळखपत्र बघणं ही तपासणी. ‘या, पहिल्यांदाच आलात का? कुणाला भेटायचंय?’ ही विचारपूस. तपासणी पगारी माणूस करू शकतो. विचारपूस मात्र त्या मंडळींतल्याच कुणीतरी करायला हवी, कारण नेहमीचं कोण आणि नवखं कोण हे त्यांनाच कळतं. दोन्ही कामं एकट्या वॉचमनच्या गळ्यात मारली की तो सगळ्यांनाच हटकतो, नाहीतर कुणालाच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी हा फरक चांगलाच जाणवतो. शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, पाळणारा माणूस फोन वापरत नाही आणि कट्टर असेल तर बऱ्याच ठिकाणी खिशात पाकीटसुद्धा ठेवत नाही. त्याच्याकडे ओळखपत्र मागायचं म्हणजे धर्म पाळला म्हणून त्याला बाहेर उभं करायचं. तिथे चेहरे ओळखणारा एखादा स्वयंसेवकच कामाला येतो, किंवा पाहुण्यांची नावं आदल्या दिवशीच कळवलेली असावी लागतात. ‘तुम्ही ज्यू आहात का?’ हा प्रश्न तर मला साफ चुकीचा वाटतो. रायगडातून गेलेला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला, माणूस परदेशातल्या रखवालदाराच्या डोक्यातल्या चित्रात बसणार नाही, आणि घातपात करायला आलेला बेधडक ‘हो’ म्हणेल.

पण नुसत्या आपुलकीवर भागतं का? १५ जानेवारी २०२२ ला टेक्सासमधल्या कोलीव्हिलच्या सिनेगॉगमध्ये एक अनोळखी माणूस आला. बाहेर थंडी होती. रब्बींनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, त्याला आत घेतलं, चहा करून दिला, गप्पाही मारल्या. त्याच्या बोलण्यातलं काही काही जुळत नव्हतं, तरी घाबरण्यासारखंही काही दिसलं नाही. पुढे प्रार्थना चालू असताना मागून पिस्तुलाचा खटका ऐकू आला आणि त्याने तिथल्यांना ओलीस धरलं. कित्येक तासांनी रब्बींनी त्याच्या अंगावर खुर्ची फेकली आणि उरलेले ओलीस बाहेर पळाले. हे त्यांना सुरक्षेच्या प्रशिक्षणामुळे जमलं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

उलट जर्मनीतल्या हाले शहरात ९ ऑक्टोबर २०१९ ला, योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, विचारपूस करायला वेळच नव्हता. हल्लेखोर गोळ्या झाडत आला. बंद लाकडी दार टिकलं म्हणून आतली पन्नासेक माणसं वाचली. मारले गेलेले दोघे मात्र बाहेरचे होते: रस्त्यातून जाणारी एक बाई आणि कबाबच्या दुकानातला एक तरुण. दाराबाहेरचा रस्ता पोलिसांनीच सांभाळायचा असतो, आणि त्या दिवशी तिथे पोलीस नव्हते.

आपल्याकडे २००८ मध्ये मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर झालेल्या हल्ल्यानंतर बंदोबस्त वाढला, आणि तो वाढायलाच हवा होता. पण भायखळ्याच्या मागेन डेव्हिडला फाटक लावून बसता येत नाही. १८६४ च्या या सिनेगॉगच्या आवारातच ससून घराण्याच्या शाळा आहेत आणि तिथली बहुतेक मुलं मुसलमान आहेत. दप्तरं घेऊन येणाऱ्या या मुलांना रोज ‘कोण तू?’ विचारत बसलं तर शाळा भरायचीच नाही.

मुंबई-पुण्यातलं सिनेगॉग बघायला जाणार असाल तर आधी फोन करा, फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा, आणि शनिवार टाळा.