सापळा (लाचलुचपत प्रतिबंध)

लोकसेवकाला लाच घेताना पंचांसमक्ष रंगेहाथ पकडण्याची पद्धत. महाराष्ट्रात हे काम १९५७ साली स्थापन झालेला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो.

तक्रार आली की आधी मागणीची पडताळणी होते. तक्रारदारासोबत पंच जातो, बोलणे रेकॉर्ड केले जाते. मग नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवून त्यांना अँथ्रासीन किंवा फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात. पहिली अतिनील दिव्याखाली चमकते; दुसरी लागलेले हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की पाणी गुलाबी होते. पैसे स्वीकारताच तक्रारदार ठरलेला इशारा करतो आणि पथक पुढे येते. बरेचदा पैसे साहेबांऐवजी एखादा ‘खासगी इसम’ घेतो.

हाताला पावडर लागली म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असे नाही. मागणीही सिद्ध व्हावी लागते, आणि ‘उसने दिले होते, तेच परत घेतले’ हा बचाव ठरलेलाच. तक्रारदार फितूर झाला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर मागणी सिद्ध होऊ शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये दिला. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मधील २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणेही गुन्हा ठरले. मात्र नाइलाजाने दिलेल्याने सात दिवसांत कळवल्यास त्याला सूट आहे. काही चौकशांना पूर्वपरवानगी लागते, सापळ्याला ती लागत नाही.

लाचेचे मूळ बहुधा अडवणुकीत असते. फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) रखडला की सातबाऱ्यावर नाव लागत नाही, नाव नसले की पीककर्ज अडते. मग ‘वजन’ ठेवले जाते. काम लवकर व्हावे म्हणून दिल्या जाणाऱ्या अशा पैशांकडे भ्रष्टाचार रोखण्याच्या उपायांसाठी केंद्राने नेमलेल्या संथानम समितीने १९६४ मध्येच बोट दाखवले होते. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे बंधन घातले, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांना मुदती दिल्या. तरी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा उपयोग अधिक थेट म्हणावा लागेल: उताऱ्यापुरते कोणाला भेटावेच लागत नाही. वारस नोंदीला मात्र अजून तपासणी आणि सही लागते.

सापळ्यात सापडतात ती मुख्यतः टेबलावरची माणसे. निविदांमधली टक्केवारी त्यात क्वचितच येते; तिथे लेखापरीक्षण आणि अपसंपदेची (उत्पन्नाशी विसंगत मालमत्तेची) चौकशी हेच मार्ग उरतात, आणि त्यांना वर्षे लागतात.